नावाआधीची राखण: गोड्या पाण्यातल्या संकटग्रस्त माशांच्या ओळखीचा आढावा

वाघांची गणती करताना वाघ कोणाला म्हणायचे यावर वाद होत नाही. नदीतल्या माशांची गणती मात्र या वादापासूनच सुरू होते. एखादा मासा धोक्यात आहे असे म्हणायचे तर तो नेमका कोणता, आणखी कुठे सापडतो, शेजारच्या खोऱ्यातला तसाच दिसणारा मासा त्याचा भाऊबंद की वेगळा, हे आधी ठरावे लागते. ते ठरवणारी माणसे थोडी आहेत आणि नद्या पुष्कळ. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने, म्हणजे आययूसीएनने, २०२३ च्या अखेरीस गोड्या पाण्यातल्या माशांचा जागतिक हिशेब मांडला, तेव्हा तपासलेल्या १४,८९८ प्रजातींपैकी ३,०८६ नष्ट होण्याच्या धोक्यात असल्याचे दिसले. २०२५ च्या जानेवारीत 'नेचर'मध्ये आलेल्या अभ्यासात माशांबरोबर खेकडे-कोळंबी आणि चतुर हे गटही घेतले होते. तिथे २३,४९६ प्रजातींपैकी सुमारे चोवीस टक्के धोक्यात निघाल्या. आकडे मोठे आहेत आणि ते गांभीर्यानेच घ्यायला हवेत. पण त्यांच्यामागे दोन वेगळी कामे एकमेकांत गुंतलेली आहेत. पहिले काम प्रजाती ओळखून तिला नाव देण्याचे, दुसरे त्या नावाला धोक्याची पायरी लावण्याचे. पहिल्यात दुरुस्ती झाली की दुसऱ्याचा हिशेब बदलतो. या दोन्ही कामांची पद्धत, त्यांवरचे मतभेद आणि शिल्लक राहिलेले प्रश्न इथे पाहायचे आहेत, मुख्यतः सह्याद्री आणि दख्खनच्या नद्यांच्या आधाराने. माझा कल आधीच सांगतो. दोन्ही कामांतली अनिश्चितता नजीकच्या काळात संपणारी नाही, त्यामुळे प्रत्यक्ष निर्णय घेताना नाव पक्के झाले का यापेक्षा हा निर्णय उद्या मागे घेता येईल का, हे विचारणे जास्त उपयोगाचे आहे.

पार्श्वभूमी

दख्खनच्या माशांची पहिली शास्त्रीय यादी कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांची. लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीतर्फे ती १८३९ मध्ये संक्षेपाने आली आणि १८४१ मध्ये चित्रांसह विस्ताराने छापली गेली. खुद्री, मुसुल्ला, कोलस, पोटेल, नुक्ता अशी इथल्याच बोलीतली नावे साइक्स यांनी लॅटिन वळणाने लिहिली. मासा कुठे मिळाला तेही बहुधा नोंदवले : खुद्री पुण्याजवळच्या मुळा-मुठेत, मुसुल्ला शिरूरजवळच्या घोडनदीत. वर्णने मात्र चार-सहा ओळींची आहेत आणि ज्या माशांवरून ती लिहिली, त्यांतल्या बहुतेकांचे मूळ नमुने आज उपलब्ध नाहीत. चित्र, चार ओळी आणि नदीचे नाव एवढ्याच भांडवलावर पुढच्या पावणेदोनशे वर्षांची ओळख उभी आहे. १८७५ ते १८७८ या काळात फ्रान्सिस डे यांचा 'द फिशेस ऑफ इंडिया' हा ग्रंथ भागाभागाने आला आणि देशभरच्या माशांना एक चौकट मिळाली. पुढे कित्येक पिढ्यांनी मासे ओळखले ते डे यांच्या नजरेने, आणि साइक्स यांच्या नावांचा जो अर्थ डे यांनी लावला तोच रूढ झाला.

विसाव्या शतकात सुंदरलाल होरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोंगरी ओढ्यांतल्या लहान माशांकडे लक्ष वळवले. होरा आणि मिश्र यांनी १९३८ मध्ये नाशिकजवळच्या देवळालीतून पॅराप्सिलोरिंकस प्रेटरी या छोट्या माशाचे वर्णन केले. फ्रेझर यांनी १९४२ मध्ये पुण्याच्या माशांची यादी दिली, सुटर यांनी १९४४ मध्ये तिला पुरवणी जोडली, सायलस यांनी १९५३ मध्ये महाबळेश्वर आणि वाईचे मासे नोंदवले. हे सगळे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमधून आले. त्यावेळी या याद्या निव्वळ नोंदी होत्या. त्यांचे मोल नंतर कळले. २००३ मध्ये पुण्याच्या नद्या पुन्हा तपासल्या गेल्या तेव्हा काय उरले आणि काय गेले हे ताडून पाहायला जुने काही हाताशी होते. भारतातल्या फार थोड्या नद्यांच्या वाट्याला असे भाग्य आले आहे.

धोक्याची पद्धतशीर वर्गवारी इथे बरीच उशिरा सुरू झाली. १९९७ मध्ये लखनौला झालेल्या कार्यशाळेत देशातल्या तीनशेहून अधिक गोड्या पाण्यातल्या माशांचे एकत्र मूल्यांकन झाले. २००४ मध्ये दहाणूकर, राऊत आणि भट यांनी पश्चिम घाटातल्या २८८ प्रजातींचा आढावा घेतला आणि त्यांतल्या ११८ फक्त याच प्रदेशातल्या असल्याचे मांडले. २०११ च्या आययूसीएन अहवालात प्रजाती २९० झाल्या, म्हणजे जवळपास तेवढ्याच राहिल्या, पण प्रदेशनिष्ठ प्रजातींचा आकडा १८९ वर गेला. सात वर्षांत सत्तर मासे नव्याने सह्याद्रीपुरते उरले, असा याचा अर्थ नाही. घाटाची हद्द कुठवर धरायची, कोणती नावे ग्राह्य मानायची, लांबवर पसरलेली म्हणून समजली जाणारी प्रजाती खरोखर एकच आहे का, या प्रश्नांची उत्तरे मधल्या काळात बदलली. कोणताही आकडा वाचताना त्यामागे कोणती नावे धरली आहेत हे पाहावे लागते ते यासाठी.

ओळख कशी पटवतात

जाळ्यात आलेला बोटभर मासा ओळखण्याचे काम पाण्याकाठीच सुरू होते. रंग जिवंतपणीच टिपावे लागतात, कारण फॉर्मॅलिनमध्ये परांचा लाल-पिवळा रंग उडून जातो आणि काळे ठिपके तेवढे टिकतात. डीएनएसाठी पराचा किंवा मांसाचा लहानसा तुकडा आधी काढून अल्कोहोलमध्ये ठेवतात, कारण फॉर्मॅलिन डीएनए खराब करते. तुकडा उजव्या बाजूने घेतात. डावी बाजू शाबूत ठेवायची, मोजमापे आणि छायाचित्रे तिचीच घ्यायची, असा रिवाज आहे. मग प्रयोगशाळेत भिंगाखाली सुईच्या टोकाने एकेक खवला मोजत शेपटीपर्यंत जायचे. पार्श्वरेषेवर खवले किती, मिशांच्या जोड्या किती, पाठीवरच्या पराचा शेवटचा टणक काटा दातेरी की गुळगुळीत, खालच्या ओठाची घडी सलग की मध्ये तुटलेली, याची नोंद करायची. पेथिया गटातल्या बोटभर माशांमध्ये काळे ठिपके अंगावर कुठे आहेत आणि परांचा रंग कोणता, यावर नाव ठरते. बाजारात या सगळ्यांना एकच नाव असते, किंवा नावच नसते.

या जुन्या पद्धतीची मर्यादा अशी की मासे लवचिक असतात. वाहत्या पाण्यातला आणि धरणाच्या संथ पाण्यातला एकाच प्रजातीचा मासा अंगाने वेगळा दिसू शकतो, लहानपणी आणि मोठेपणी तर दिसतोच. उजनीच्या जलाशयातून १९९२ मध्ये ऑस्टिओब्रामा भीमेन्सिस ही नवी प्रजाती म्हणून मांडली गेली. २०११ मध्ये जाधव, पैंगणकर आणि दहाणूकर यांनी ती साइक्स यांच्याच ऑस्टिओब्रामा विगोर्सीपेक्षा वेगळी नसल्याचे दाखवले. भीमेपुरता असलेला एक मासा यादीतून कमी झाला, नदीत मात्र काहीच बदलले नाही. उलट बाजूची उदाहरणेही तेवढीच आहेत. एकाच नावाखाली दूरदूरच्या खोऱ्यांत नोंदवलेले मासे तपासल्यावर वेगवेगळे निघाले आहेत. इंडोरिओनेक्टेस गटातल्या ओढ्यातल्या लहान माशांमध्ये गेल्या काही वर्षांत असेच घडले.

डीएनए आल्यावर वाद मिटेल अशी अपेक्षा होती. २००३ पासून प्राण्यांसाठी रूढ झालेल्या 'बारकोड' पद्धतीत सुमारे साडेसहाशे अक्षरांचा एक जनुकखंड ताडून पाहतात. ती वेगवान आणि स्वस्त आहे, अपुऱ्या नमुन्यांवरही चालते. पण हा खंड फक्त आईकडून येतो, त्यामुळे संकर झाला असेल तर तो लपतो. किती टक्के फरक म्हणजे वेगळी प्रजाती याचा सर्वमान्य आकडा नाही. आणि तुलनेसाठी जो संदर्भसाठा वापरायचा त्यातच चुकीच्या नावांनी ठेवलेले नमुने आहेत. साइक्स यांच्या माशांबाबत अडचण आणखी खोल आहे, कारण मूळ नमुनाच नसेल तर डीएनए कशाशी जुळवायचा? म्हणून आता मूळ वर्णनात दिलेल्या ठिकाणी जाऊन तिथला मासा पकडायचा, त्याचे रूप आणि जनुके दोन्ही तपासायची आणि त्याला त्या नावाचा खुंटा मानायचे, ही पद्धत रुळली आहे. मुळा-मुठेचे आजचे पाणी पाहता मूळ ठिकाण गाठले तरी तिथे मासा मिळेलच असे मात्र नाही.

या टप्प्यावर जाणकारांत मतभेद आहेत. आयझॅक, मॅलेट आणि मेस यांनी २००४ मध्ये 'वर्गीकरणाची फुगवट' असा इशारा दिला. उपप्रजाती आणि स्थानिक गट यांना बढती देऊन प्रजाती म्हणण्याची प्रवृत्ती वाढली आहे, त्यामुळे धोक्यातल्या प्रजातींची संख्या कागदावरच फुगते, असे त्यांचे म्हणणे होते. २०१७ मध्ये गार्नेट आणि क्रिस्टिडिस यांनी 'नेचर'मध्ये त्यापुढे जाऊन वर्गीकरणातली बेबंदशाही संवर्धनाला मारक आहे, त्यावर एखाद्या जागतिक संस्थेचे नियमन असावे, असे सुचवले. पुढच्याच वर्षी शंभराहून अधिक वर्गीकरणतज्ज्ञांनी सह्या करून उत्तर दिले. प्रजाती हे शास्त्रीय गृहीतक असते, ते पुराव्याने बदलते, समिती नेमून गोठवता येत नाही, असा त्या उत्तराचा सूर होता. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. कायद्याला आणि निधीला स्थिर यादी हवी असते, तर शास्त्राला यादी बदलण्याची मोकळीक लागते. भारतातल्या गोड्या पाण्यापुरते पाहिले तर फुगवटीपेक्षा दुर्लक्षाचा धोका मोठा वाटतो, कारण इथल्या कित्येक ओढ्यांत एकदाही नीट पाहणी झालेली नाही. पण हा अंदाज झाला, पुरावा नव्हे, आणि भीमेन्सिसचे उदाहरण त्याच्या विरुद्ध बाजूला आहेच.

धोक्याची पायरी

आययूसीएनची लाल यादी १९६४ पासून आहे, आकड्यांवर आधारलेले निकष १९९४ पासून आणि त्यांची आजची आवृत्ती २००१ पासून. अतिसंकटग्रस्त, संकटग्रस्त आणि असुरक्षित अशा तीन पायऱ्या मिळून 'धोक्यातल्या' प्रजाती होतात. पाच निकषांपैकी कोणताही एक लागू पडला तरी पुरते. संख्या किती घटली हा पहिला निकष : कारण अजून चालू असेल तर दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत, जो काळ मोठा असेल त्यात, ऐंशी टक्के घट झाल्यास अतिसंकटग्रस्त, पन्नास टक्के झाल्यास संकटग्रस्त. पण आपल्याकडे नदीतल्या माशांची वर्षानुवर्षांची मोजणी जवळपास कुठेच नाही. त्यामुळे बहुतेक मूल्यांकने दुसऱ्या निकषावर, म्हणजे प्रसाराच्या क्षेत्रावर, होतात. प्रसार पाच हजार चौरस किलोमीटरपेक्षा कमी, ठिकाणे पाच किंवा त्याहून कमी आणि अधिवास सतत खालावत असेल, तर प्रजाती संकटग्रस्त ठरते. शंभर चौरस किलोमीटरच्या आत एकाच ठिकाणी उरली असेल तर अतिसंकटग्रस्त.

चौरस किलोमीटर हे माप जमिनीवरच्या प्राण्यांसाठी ठीक आहे. मासा रेषेवर राहतो. नकाशावर त्याच्या नोंदी जोडून आकृती काढली की तिच्यात डोंगर, शेते आणि शहरे येतात, पाणी त्यातले अगदी थोडे. म्हणून माशांचे नकाशे आता पाणलोटाच्या उपखोऱ्यांवर काढतात, तरीही अंदाज मोठाच राहतो. 'ठिकाण' या शब्दाची आययूसीएनची व्याख्याही लक्षात ठेवण्यासारखी आहे. एकाच संकटाने जिथले सगळे मासे एका झटक्यात जाऊ शकतात ते एक ठिकाण. कारखान्याखालची पन्नास किलोमीटर नदी हे एकच ठिकाण असू शकते आणि शेजारचे दोन ओढे दोन ठिकाणे. हे मूल्यांकन करणाऱ्याने ठरवायचे असते, त्यामुळे एकाच माहितीवरून दोन तज्ज्ञ दोन पायऱ्यांवर पोहोचू शकतात. निकषांचे समर्थक म्हणतात की गृहीतके लेखी नोंदवलेली असल्याने ती तपासता आणि दुरुस्त करता येतात. टीकाकारांचे म्हणणे असे की मोजणी नसताना प्रसारावर विसंबले तर जिथे कोणी पाहिलेच नाही तिथला मासा दुर्मिळ ठरतो. देवळालीचा प्रेटरी अतिसंकटग्रस्त मानला जातो. अशा माशाच्या बाबतीत दुर्मिळता किती खरी आणि शोधाची उणीव किती, हे निकष वेगळे करून सांगत नाहीत. आणि ज्यांच्याबद्दल पायरी लावण्याइतकेही ठाऊक नाही ते 'अपुरी माहिती' या रकान्यात जातात. व्यवहारात तो रकाना 'धोका नाही' असा वाचला जातो. मला यादीतली ही सर्वांत मोठी गळती वाटते.

कावेरीचा म्हसीर

नाव आणि पायरी यांची सांगड चुकली तर काय होते, हे कावेरी खोऱ्यातल्या कुबड्या म्हसीरने जितके स्पष्ट दाखवले तितके दुसऱ्या कोणत्याही भारतीय माशाने नाही. पाठीला डोक्यामागून उंचवटा, केशरी झाक असलेले पर, वजन पन्नास किलोच्याही वर, असा हा मासा. १९४६ मध्ये काबिनी नदीत गळाला लागलेला १२० पौंडांचा म्हसीर आजही गळवाल्यांच्या गप्पांत आहे. इतका नावाजलेला मासा, पण विसाव्या शतकात बराच काळ त्याला टॉर मुसुल्ला म्हटले गेले, आणि हे नाव साइक्स यांनी घोडनदीतल्या, म्हणजे कृष्णा खोऱ्यातल्या माशाला दिलेले होते. २०१३-१४ च्या सुमारास साइक्स यांचे वर्णन आणि चित्र पुन्हा तपासले गेले, तेव्हा तो मासा म्हसीर नव्हताच असे दिसले. तो आता हिप्सेलोबार्बस मुसुल्ला या नावाने ओळखला जातो. कुबड्या म्हसीर यामुळे निनावी झाला आणि निनावी प्रजातीला लाल यादीत सहसा जागा नसते. २०१५ मध्ये तो नष्ट होण्याच्या वाटेवर असल्याचा इशारा देणारा शोधनिबंध आला, त्यात त्याचा उल्लेख 'टॉरची एक प्रजाती' एवढाच करावा लागला.

त्या इशाऱ्यामागची माहिती आली होती गळवाल्यांच्या नोंदवह्यांतून. कावेरीवरच्या एका पट्ट्यात १९९८ ते २०१२ या काळात मासा पकडून सोडून देण्याच्या अटीवर गळ टाकला जात असे. त्या २३,६२० तासांत ६,१६१ म्हसीर पकडल्याची नोंद आहे. नोंदींतून दिसले की एकूण म्हसीर वाढत होते, पण ती वाढ निळसर परांच्या म्हसीरची होती आणि कुबड्या कमी कमी होत गेला. हा निळसर म्हसीर म्हणजे साइक्स यांचा खुद्री. तो मूळचा कृष्णा-भीमा खोऱ्यातला, आणि लोणावळ्याजवळ वळवण इथे कृत्रिम प्रजननाने वाढवलेली त्याची पिल्ले १९७० च्या दशकापासून देशातल्या अनेक नद्यांत सोडली गेली. त्यांत कावेरीही होती. पुढे २०१८ मध्ये पिंडर आणि सहकाऱ्यांनी मोयार नदीतले नमुने रूप आणि जनुके या दोन्ही अंगांनी तपासले. कुबड्या म्हसीर म्हणजे केरळातल्या पांबार नदीतून लहान नमुन्यांवरून आधीच वर्णन झालेला टॉर रेमादेवी, असे त्यांनी दाखवले. नाव मिळाले आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त म्हणून यादीत आला.

प्रजनन केंद्राच्या बाजूनेही हे पाहायला हवे. धरणांनी म्हसीरच्या विणीच्या वाटा अडवल्या, सुरुंग लावून मासेमारी होत होती, अशा काळात बंदिस्त पाण्यात म्हसीरची वीण घडवणे ही मोठी तांत्रिक कामगिरी होती. दक्षिणेतल्या म्हसीरांना त्यावेळी सर्रास एकच समजले जाई, म्हणून एका खोऱ्यातली पिल्ले दुसऱ्यात सोडण्यात कोणाला गैर वाटले नाही. कुबड्या कमी होण्यामागे खुद्रीची स्पर्धा किती आणि वाळूउपसा, अडवलेले पाणी, प्रदूषण किती, हे वेगळे काढता आलेले नाही. दोन्ही म्हसीरांत संकर होतो का आणि किती, हेही पुरेसे तपासलेले नाही. खुद्री २०११ च्या मूल्यांकनात संकटग्रस्त होता, नंतरच्या फेरमूल्यांकनात तो 'किमान चिंता' या पायरीवर आला. काहींना हे कृत्रिम प्रजननाचे यश वाटते. इतरांचे म्हणणे, मूळ क्षेत्राबाहेर सोडलेले मासे या हिशेबात धरायचे नसतात आणि मूळ क्षेत्रातल्या नद्यांची स्थिती यावरून कळत नाही. दोन्ही दावे तपासायचे तर भीमा आणि कृष्णेच्या वरच्या भागात नैसर्गिक विणीतून आलेले मासे किती आणि सोडलेले किती, हे जनुकांवरून पाहावे लागेल.

नाव चुकले तेव्हा एकाच नदीत दोन वेगळ्या प्रकारांनी नुकसान झाले. नावाअभावी कुबड्याला यादीत जागा मिळाली नाही, ही उणीव २०१८ मध्ये भरून निघाली. चुकीच्या समजुतीने दुसऱ्या खोऱ्यातला मासा सोडला गेला, तो परत काढता येत नाही. या दोन चुकांचे वजन सारखे नाही आणि वर्गवारीच्या कोणत्याही चौकटीत हा फरक मांडलेला नाही.

नाव खोटे ठरले तर

उलट बाजूची शंका अशी. नाव पक्के नसताना संरक्षण दिले आणि पुढे ती प्रजाती वेगळी नव्हतीच असे निघाले तर? याचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेचे. लिटल टेनेसी नदीत १९७३ मध्ये स्नेल डार्टर हा बोटभर मासा सापडला आणि त्याच्यासाठी टेलिको धरणाचे काम थांबले. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी माशाच्या बाजूने निकाल दिला. काँग्रेसने पुढच्या वर्षी सूट देऊन धरण पुरे केले, मासे इतर नद्यांत हलवले गेले आणि २०२२ मध्ये तो धोक्याच्या यादीतून बाहेर आला. २०२५ च्या जानेवारीत आलेल्या जनुकीय अभ्यासाने मात्र स्नेल डार्टर ही वेगळी प्रजाती नाही, आधीच ज्ञात असलेल्या दुसऱ्या डार्टरचाच तो पूर्वेकडचा गट आहे, असे मांडले. धरणाच्या बाजूने जुन्या वादात बोलणाऱ्यांना हा विजय वाटला. पण अमेरिकी कायद्यात कणाधारी प्राण्यांच्या वेगळ्या पडलेल्या स्थानिक गटालाही संरक्षण मिळू शकते, तेव्हा प्रजातीचा दर्जा गेला म्हणून सगळा आधार गेला असे होत नाही. शिवाय या बाबतीत चूक झालीच असेल तर तिची किंमत विलंब आणि पैसा एवढी होती. धरणही झाले आणि मासाही उरला.

स्थानिक गटालाच एकक मानावे, ही भूमिका संवर्धनशास्त्रात १९८० च्या दशकापासून आहे. प्रजातीच्या नावावर अडून न बसता उत्क्रांतीच्या दृष्टीने स्वतंत्र वाटचाल असलेला प्रत्येक गट राखावा, असे तिचे सूत्र. सह्याद्रीसारख्या प्रदेशात ही भूमिका पटण्यासारखी आहे, कारण पूर्वेकडे आणि पश्चिमेकडे वाहणाऱ्या नद्यांतले मासे लाखो वर्षे वेगळे राहिलेले असू शकतात. आक्षेप दोन आहेत आणि दोन्ही वजनदार आहेत. एक म्हणजे, असे गट अगणित निघतील, मग प्रत्येक डोह खास ठरेल आणि प्राधान्य ठरवणेच अशक्य होईल. दुसरा म्हणजे, संरक्षण नेहमी निरुपद्रवी नसते. मासेमारीवर बंदी आली की भोई आणि कोळी कुटुंबांची चूल अडचणीत येते. कावेरीवर गळ बंद झाला तेव्हा नोंदवह्याही बंद पडल्या आणि कुबड्याबद्दलच्या माहितीचा एकमेव सलग स्रोत आटला. पहिल्या आक्षेपाला उत्तर देता येते : नाव नसले तरी पुरावा मागता येतो. मासा नेमका कुठला, नमुना कुठल्या संग्रहात आहे, त्या पाण्याला धोका कशाचा, एवढे दाखवता आले तरच विचार व्हावा. दुसऱ्या आक्षेपाला तितके सोपे उत्तर नाही. बंदी मागे घेता येते, पण मधल्या काळातली हातातोंडाची झळ मागे घेता येत नाही. म्हणून मागे घेता येणाऱ्या उपायांतही सरसकट बंदीपेक्षा विणीच्या महिन्यांपुरती, ठराविक डोहांपुरती मर्यादा आधी आजमावून पाहावी असे वाटते.

कायदा आणि जागा

भारतीय कायद्यात नदीच्या माशाला फार काळ जागा नव्हती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या परिशिष्टांत २००१ मध्ये जे मासे आले ते देवमुशी, इतर मुशी-पाकट, समुद्रघोडे असे बहुतांशी समुद्रातले होते. २०२२ च्या दुरुस्तीने परिशिष्टांची फेरमांडणी झाली. प्रजातींच्या यादीवर चालणाऱ्या कायद्याची अडचण मुसुल्लाच्या गोष्टीत दिसतेच. यादीतले नाव बदलले तर संरक्षण जुन्या नावाचे की माशाचे, असा पेच पडतो. व्यापाराचा प्रश्नही इथेच येतो. २००५ ते २०१२ या काळात भारतातून धोक्यातल्या किमान तीस प्रजातींचे सुमारे पंधरा लाख गोड्या पाण्यातले मासे काचपेट्यांसाठी परदेशी गेले, असे २०१३ च्या एका अभ्यासाने दाखवले. खोक्यावर लिहिलेले नाव आणि आतला मासा यांचा मेळ बसतो का, हे बंदरावरच्या तपासनिसाला सांगता येणे कठीण.

२००२ च्या जैवविविधता कायद्याने दुसरा रस्ताही दिला आहे, जागेच्या संरक्षणाचा. आंबोलीच्या हिरण्यकेशी मंदिराच्या कुंडातून २०२० मध्ये शिस्टुरा हिरण्यकेशी या लहान माशाचे वर्णन झाले आणि पुढच्याच वर्षी राज्य सरकारने तिथली २.११ हेक्टर जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. उद्या कोणी हा मासा शेजारच्या एखाद्या प्रजातीचाच भाग आहे असे दाखवले तरी झऱ्याची राखण वाया जाणार नाही, त्यातले बाकीचे जीव आणि पाणी आहेतच. महाड तालुक्यातल्या वाळण कोंडीत काळ नदीचे म्हसीर तर देवीचे म्हणून गावानेच राखले आहेत, शास्त्रीय नावाची वाट न पाहता. या उपायाच्या मर्यादा उघड आहेत. दोन हेक्टरांच्या वर पाणलोटात काय चालते यावर कुंडाचे भवितव्य ठरते, आणि मोठ्या नदीत शेकडो किलोमीटर वर-खाली जाणाऱ्या माशाला एक डोह पुरत नाही. दुर्मिळ माशाचा पत्ता जाहीर झाला की संग्राहकांची पावले तिकडे वळतात, ही भीतीही अनाठायी नाही.

काय शिल्लक आहे

सर्वांत तातडीचे काम कंटाळवाणे आहे. साइक्स यांनी नोंदवलेल्या ठिकाणांहून, जिथे मासे अजून मिळतात तिथून, नवे आधारनमुने गोळा करून सार्वजनिक संग्रहात ठेवणे आणि त्यांचे डीएनए संदर्भ उघडे करणे. नवी प्रजाती मांडल्यावर नमुना अधिकृत संग्रहात ठेवण्याची सक्ती कायद्यात आहेच, जुन्या नावांसाठी मात्र कोणावर बंधन नाही. पाण्यातल्या डीएनएवरून मासा न पकडता त्याचा माग काढण्याचे तंत्र आता हाताशी आहे, पण संदर्भसाठ्यात चुकीचे नाव असेल तर ते तीच चूक वेगाने सगळीकडे नेईल. दुसरे काम मोजणीचे. एकाच नदीच्या त्याच पट्ट्यांत, त्याच जाळ्यांनी, दरवर्षी. प्रसाराच्या नकाशावरून घटीच्या आकड्याकडे जायला दुसरा मार्ग नाही, आणि हे काम तीन वर्षांच्या संशोधन प्रकल्पांत बसत नाही. त्यात मासेमारांच्या नोंदी कितपत धरायच्या, यावरही एकमत नाही. गळवाल्यांच्या वह्यांनी कावेरीत जे केले ते पाहता त्या सरसकट बाजूला ठेवणे अवघड आहे, पण त्यांत मोठे मासे जास्त आणि लहान मासे जवळपास नाहीत, हेही खरे.

तिसरा प्रश्न मत्स्यबीजाचा. दरवर्षी जलाशयांत आणि नद्यांत बीज सोडले जाते. देशी प्रजातीचे बीज म्हणजे चांगलेच, अशी धारणा अजून घट्ट आहे, आणि चिलापीसारख्या परदेशी माशांनी केलेले नुकसान पाहता ती समजण्यासारखी आहे. पण कावेरीत सोडलेला खुद्रीही देशीच होता. बीज कोणत्या खोऱ्यातल्या जनक माशांचे आहे हे सोडण्यापूर्वी नोंदवावे, आणि नावाबद्दल शंका असेल तोवर एका खोऱ्यातले दुसऱ्यात सोडू नये, एवढा नियम करायला वर्गीकरणाचे सगळे वाद मिटण्याची गरज नाही. मत्स्यव्यवसाय खात्यांची अडचण अशी की प्रत्येक खोऱ्यासाठी वेगळे जनक मासे सांभाळणे खर्चाचे आहे, आणि उत्पादन वाढवण्याचे उद्दिष्ट त्यांच्यावर आहेच. हा खर्च संवर्धनाच्या खात्यात धरायचा की मत्स्योत्पादनाच्या, हे ठरलेले नाही.

दरम्यान आययूसीएनच्याच नियमानुसार दहा वर्षांहून जुने मूल्यांकन कालबाह्य मानायचे असते. पश्चिम घाटाचा मोठा हिशेब २०११ चा आहे. त्यातल्या काही माशांची फेरतपासणी झाली, काहींची नावे बदलली, काही नावेच रद्द झाली, आणि त्यानंतर वर्णन झालेले कित्येक मासे त्या हिशेबात नव्हतेच. नव्या फेरीत ही यादी जुन्या नावांनी सुरू करायची की खोरेनिहाय गटांनी, हे आधी ठरावे लागेल.